एक प्रत फाइलीला

९ जानेवारी

प्रति,
कंत्राटदार, पालिकेचं नवं पाळणाघर

विषय : जिन्याची पहिली पायरी

महोदया,

आपण बांधलेल्या पाळणाघराची अंतिम पाहणी काल केली. भिंती, खिडक्या, पाण्याचे नळ, विजेचं काम नियमांप्रमाणे आहे. जिन्याची पहिली पायरी मात्र इतर पायऱ्यांपेक्षा पंचवीस मिलिमीटरने कमी उंचीची आहे. एकाच जिन्यात इतका फरक नियमात बसत नाही. मार्चअखेरपर्यंत दुरुस्ती करावी. तोवर इमारत वापरात आणता येणार नाही. मुदतीत दुरुस्ती न झाल्यास आपलं नाव पालिकेच्या कंत्राटदारांच्या यादीतून कमी होऊ शकेल.

बांधकाम तपासनीस

ता. क. वहिनी, वरचं कार्यालयाचं. इथून खाली माझं. दादाचं शेवटचं काम तू एकटीने पुरं केलंस, आणि त्याची पाहणी माझ्याच वाट्याला आली. जुने तपासनीस निवृत्त झाले, त्यांची खुर्ची अजून रिकामी आहे. मी साहेबांना म्हटलं, कंत्राटदार माझी भावजय आहे, हे काम मला देऊ नका. ते म्हणाले, "तुमच्याशिवाय आहे कोण इथे?" मग त्यांनी नियम काढून दाखवला. तपासायचं मी, शेवटची सही शेजारच्या शहराच्या तपासनिसांनी करायची. आणि इमारत मंजूर होईपर्यंत तू आणि मी भेटायचं नाही, फोनवर बोलायचं नाही. जे असेल ते लेखी, आणि प्रत्येक पत्राची एक प्रत फाइलीला. म्हणजे हे वाक्यसुद्धा फाइलीला जाणार.

आपल्या भाषेत सांगायचं तर पहिली पायरी बोटभर बुटकी आहे. एवढंच.

रविवारी जेवायला येणार नाही. आईला तू समजावून सांग. तिचं गुडघ्याला लावायचं तेल संपत आलं असेल.

*

१४ जानेवारी

प्रिय फूटपट्टी,

अनेक आशीर्वाद. रागावले असले तरी नात्याने मोठी आहे, तेव्हा द्यावेच लागतात.

फाइल सांभाळणाऱ्या बाईंनाही नमस्कार. बाई, तुम्ही हे वाचणारच, तर नीट बसून वाचा. 'फूटपट्टी' हे तुमच्या तपासनीसबाईंचं घरातलं नाव. लहानपणी केकचा तुकडा भावाला मोठा गेला की काय, हे त्या पट्टी लावून बघायच्या. लग्न झाल्याच्या आठवड्यातच नवऱ्याने मला सांगून ठेवलं होतं, "हिच्यासमोर काही वाटू नकोस, ही मोजते."

तर आता मोजलंस. बोटभर. एवढी इमारत उभी राहिली, आणि तुला बोट दिसलं.

फूटपट्टे, तो जिना कुणी ओतून घेतला, ते तुला माहीत आहे. उपड्या बादलीवर बसून तुझा दादा मिस्त्रींना सांगत होता. दोन वाक्यं बोलला की धाप लागायची, मग हाताने खुणा करायचा. मी घरी चला म्हटलं तर म्हणाला, "मालकीणबाई, जिना अर्धा सोडून जात नाहीत." जिना झाला आणि त्यानंतर तो कुठल्याच साइटवर गेला नाही. त्या पायरीत काही चुकलं असेल, तर ती चूक त्याची नाही, त्याच्या दुखण्याची आहे. ती तुला कागदावर लिहून ठेवायचीय? पुढे कुणी फाइल उघडली तर त्याच्या आयुष्याच्या शेवटच्या ओळीत काय वाचायचं? 'पहिली पायरी चुकली'?

मिस्त्री सांगत होते, पालिकेत निनावी तक्रार आलीय. नणंद भावजयीचं काम डोळे झाकून पास करणार म्हणून. म्हणजे आता तू डोळे फाडून बघणार. कंत्राटदार परका असता, तर या बोटाकडे काणाडोळा केला असतास की नाही? खरं सांग.

आईंना नियम सांगितला. त्या म्हणाल्या, "हे ऑफिस आहे की चोर-पोलिसाचा खेळ?" रविवारी सवयीने तुझं ताट मांडलं होतं. मग उचललं. तेल आणलंय.

कंत्राटदार
(आणि अजून तरी वहिनी)

*

१९ जानेवारी

प्रिय वहिनी,

काणाडोळा केला नसता. परक्याच्या कामाकडेही नाही.

पाहणीला पाळणाघराच्या मुख्य बाई आल्या होत्या. जिना चढायला लागल्या आणि पहिल्याच पायरीशी अडखळल्या. हसल्या, म्हणाल्या, "वय झालं आता." मागून दिव्यांचा माणूस चढला, अगदी तरणाताठा. तोही तिथेच अडखळला. मग मी खाली बसले आणि मोजलं. वहिनी, चढताना आपण पायांकडे बघत नाही. पहिली पायरी चढली की पाय बाकीच्या पायऱ्यांचा अंदाज बांधून मोकळा होतो. तो अंदाज फसला की तोल जातो. या जिन्यावरून झोपलेली मुलं कडेवर घेऊन बायका उतरणार आहेत. त्यांना खाली बघता येणार नाही.

तक्रार आलीय हे खरं. तिच्यामुळे माझी पट्टी लांब झालेली नाही आणि आखूडही झालेली नाही.

तुझं पत्र मी पुष्कळदा वाचलं. तू माझं पत्र पुन्हा एकदा वाच. त्यात दादाचं नाव नाही. चूक कुणाची, ते मी लिहिलेलंच नाही. तपासनिसाने काय आहे ते लिहायचं असतं. का झालं, ते ज्याने बांधलं त्याने शोधायचं असतं. दादाचं नाव तू घेतलंस.

खालच्या खोलीतली फरशी फार छान आहे. मोजायला गुडघे टेकले, तर उठावंसं वाटेना.

इथे मी बरी आहे. रविवारी ब्रेड आणला होता. आईला हे सांगू नकोस.

फूटपट्टी

*

२३ जानेवारी

फाइल सांभाळणाऱ्या बाईस,

नमस्कार. माझी मुलगी तुमच्याकडे तपासनीस आहे, आणि माझी सून तुमची कंत्राटदार आहे. मुलगा होता, तो गेला, हे तुम्हाला ठाऊक असेल.

तुमचा नियम मी सुनेकडून दोनदा वाचून घेतला. त्यात नणंद आहे, भावजय आहे, साहेब आहेत. आई कुठेच नाही. म्हणजे मला हा नियम लागू नाही असं मी धरून चालते. मी कधी वीट उचलली नाही की पट्टी लावली नाही. मला मुलीकडे जाऊन थोडे दिवस राहायचं आहे. ती ब्रेड खाते आहे. सून माझ्यापुढे पत्रं मोठ्याने वाचते आणि नको ते वाक्य गाळायला विसरते.

परवानगी लागत असल्यास द्यावी. लागत नसल्यास तसं लिहून द्यावं, कारण मुलगी कागदाशिवाय ऐकत नाही. लहानपणापासून तशीच आहे.

*

२५ जानेवारी

आदरणीय आई,

साहेबांना तुमचं पत्र दाखवलं. ते आधी हसले, मग त्यांनी नियम पुन्हा वाचला. तुम्ही कंत्राटदार नाही आणि तपासनीसही नाही. खुशाल जा. अट एकच, एकीचा निरोप दुसरीला न्यायचा नाही.

माझं काम कागद फाइलीत लावायचं आहे, वाचायचं नाही. तरी वाचते. तुमच्या सूनबाईंनी मला नमस्कार सांगितला होता, त्यांना माझाही सांगा. हा निरोप चालेल.

फाइलबाई
(कार्यालयातही मला असंच म्हणतात)

*

२ फेब्रुवारी

प्रति,
बांधकाम तपासनीस

विषय : जबाब

महोदया,

पाळणाघराच्या जिन्याच्या पहिल्या पायरीतली चूक माझी आहे. जिना ओतला त्या दिवशी माझे पती आजारी असल्याने घरी होते. साचा मी लावून घेतला आणि मापं मी दिली. मला या कामाचा अनुभव नव्हता, म्हणून चुकले. त्या दिवशीच्या कामाशी त्यांचा काहीही संबंध नव्हता.

आमचं नाव यादीतून काढायचं असल्यास काढावं, माझी हरकत नाही. फक्त फाइलीत चूक माझ्या नावावर नोंदवावी, ही विनंती.

कंत्राटदार

*

५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

फाइलबाई तुझा जबाब घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. शेजारी तुझं चौदा जानेवारीचं पत्र ठेवलं आणि विचारलं, "मग बादलीचं काय करायचं?"

म्हटलं, कुठली बादली? त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. 'उपड्या बादलीवर बसून तुझा दादा मिस्त्रींना सांगत होता.' तुझ्याच अक्षरात. वहिनी, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. प्रत फाइलीला जाते, हे इतक्या वेळा सांगूनही!

मला आधी हसू आलं. मग ते राहिलं नाही. कारण त्या जबाबात तू स्वतःला विकायला काढलंस, त्याच्यासाठी. आणि त्याची गरजच नव्हती.

मला हे पत्र लिहायचं नव्हतं. पण खोटा जबाब मी फाइलीत ठेवू शकत नाही, आणि तुला कारण न सांगता परतही पाठवू शकत नाही. तेव्हा बस, आणि वाच.

जिना ओतून साचा काढला, त्या दिवशी मी तिथे होते. तेव्हा काम जुन्या तपासनिसांकडे होतं, मी फक्त दादाचा डबा घेऊन आले होते. तो म्हणाला, "फूटपट्टे, आलीच आहेस तर मोज." मी खालून वरपर्यंत प्रत्येक पायरी मोजली. वर पोचल्यावर ओरडून सांगितलं, "दादा, केसाचासुद्धा फरक नाही!" तो खालून म्हणाला, "केसाचा असेल. तुझी पट्टी म्हातारी झालीय." एवढं बोलून त्याला इतकी धाप लागली की मी धावत खाली आले. त्या पायऱ्यांवरून, वहिनी. न बघता. पाय कुठेही अडखळला नाही.

त्याचा जिना बरोबर होता. तो बरोबरच आहे.

त्याच्या हिशोबात खालची खोली, पायऱ्या, वरची खोली, सगळीकडे एकच पातळ फरशी होती. तो गेल्यावर खालच्या खोलीसाठी तू रबराची जाड मऊ फरशी आणलीस, मुलं पडली तर लागू नये म्हणून. नियमाने त्यात काही गैर नाही, ती मंजूरही झाली. पण तिने जमीन बोटभर वर आली. पायऱ्या होत्या तिथेच राहिल्या. म्हणून पहिली बुटकी झाली.

तू खोटं लिहिलंस आणि ते खरं निघालं. चूक तुझीच आहे. फक्त तू लिहिलीस ती नाही.

मी हे पाहणीच्या दिवशीच ओळखलं होतं. का नाही सांगितलं? ती फरशी घेतलीस त्या संध्याकाळी तू मला फोन केला होतास. दुकानात चप्पल काढून चाललीस, मग गुडघ्यांवर आपटून बघितलंस, आणि दुकानदार म्हणाला, "बाई, नमुना म्हणून कामाला राहता का?" हे सांगताना तू हसलीस. दादा गेल्यानंतर पहिल्यांदा. तो गेल्यानंतर तू स्वतःच्या डोक्याने केलेली ती पहिली गोष्ट होती. मला वाटलं, तीच चुकली असं कळलं, तर तू पुन्हा कशाला हात लावणार नाहीस. म्हणून मी पायरी लिहिली आणि फरशी गाळली. तुला त्यातून दादाच दिसेल, हे माझ्या ध्यानात आलं नाही. तुझी फरशी वाचवताना दादाचीच चूक वाटावी, असं करून बसले.

खात्री हवी असेल, तर मिस्त्रींना घेऊन जा आणि जिन्याच्या पायथ्याशी कोपऱ्यातली फरशी उचल. जमीन कुठवर यायची, ते तो भिंतीवर आखून ठेवायचा.

पुढे काय करायचं, ते मी सांगू शकत नाही. तपासनिसाने उपाय सुचवायचा नसतो. नाहीतर स्वतःच सुचवायचं आणि स्वतःच तपासायचं, असा घोळ होतो.

तुझा जबाब सोबत परत पाठवते आहे.

फूटपट्टी

*

२० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं उत्तर नाही. मुदत मार्चअखेरची आहे, याची आठवण देणं माझ्या कामात बसतं, म्हणून हे पत्र.

बाकी कामात न बसणारं बरंच आहे. आई इथे आहे. निरोप द्यायचा नाही, म्हणून ती तुझ्याबद्दल काहीच बोलत नाही. नुसती तुझ्यासारखी भाजी चिरते, लांब लांब, आणि माझ्याकडे बघते.

रागाव, पण लिही.

फूटपट्टी

*

१ मार्च

प्रिय फूटपट्टी,

तू म्हणालीस तस्सं झालं, शाबास. तुझं पत्र आलं आणि मी पाळणाघराच्या किल्ल्या मिस्त्रींच्या हातात देऊन टाकल्या. ऑफिसला कुलूप लावलं. दारावरच्या पाटीवर तुझ्या दादाचं नाव आहे, ती उलटी करून ठेवावी असं मनात आलं, पण तेवढी हिंमत झाली नाही. घरात बसून राहिले. नाना तऱ्हेचे हिशोब करून बघितले, प्रत्येक हिशोबाचं उत्तर एकच येई, ही बाई या धंद्यात नको.

मग आई आल्या, तुझ्याकडून. निरोप आणायचा नाही ही अट त्यांनी पाळली. पिशवी ठेवली, पाणी प्यायल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "किती दिवस केस विंचरले नाहीस?" मी म्हटलं, आई, चूक माझी होती. त्यांची नव्हती. त्या म्हणाल्या, "बरं झालं." मला कळेना. म्हटलं, बरं काय झालं? "त्याची असती तर आता तो कुठून येणार होता नीट करायला? तुझी आहे, तर तू आहेस."

असं बोलून त्या आत जाऊन झोपल्या, आणि मी दारात तशीच उभी.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना घेऊन गेले. खालच्या खोलीत मऊ फरशीवर चालताना मला तिचा राग येत होता, काय सांगू. मिस्त्रींनी पायथ्याच्या कोपऱ्यातली फरशी हळूच उचलली. खाली भिंतीवर निळीची रेघ होती. सुतळी ताणून मारलेली, सरळ. तिच्या शेजारी पेन्सिलीने लिहिलेलं, 'इथवर'.

तुझ्या दादाचं अक्षर तुला ठाऊक आहे. 'व' काढताना पेन्सिल उचलतच नाही.

मी रडले नाही. मिस्त्री रडले. त्यांना पाणी आणून द्यावं लागलं. मग आम्ही दोघं पायऱ्यांवर बसलो. ते डोळे पुसत म्हणाले, "वहिनी, सोप्पं आहे. ही सगळी उखडू, पातळ घालू, रेघेला रेघ. आठवड्याचं काम." मी हो म्हणणार होते. बरोबरच होतं ते, तुझ्या दादाच्या रेघेप्रमाणे. पण तेवढ्यात माझा हात फरशीवर टेकला, आणि माझ्या हाताला ती पुन्हा दुकानातल्यासारखी वाटली. आता हे तुला कसं सांगू? ती चांगलीच आहे गं. पोरं पडतात. रेघ आखली तेव्हा त्याला ही फरशी ठाऊक नव्हती. ठाऊक असती, तर रेघ वर आखली असती.

मी म्हटलं, "मिस्त्री, फरशी राहणार." ते म्हणाले, "मग पायरी?" मी म्हटलं, "पायरीवर चढवू."

बघ आता. हीच जाड फरशी खालून सुरू होऊन प्रत्येक पायरीवर, आणि थेट वरच्या झोपायच्या खोलीत. खाली बोटभर वर आलं, तर सगळंच बोटभर वर येऊ दे. मग पायरी आणि पायरी यांत पुन्हा तेवढंच अंतर, जेवढं त्याने ठेवलं होतं. वरच्या दारांची खालची कड तासावी लागेल. कठडा बोटभर उचलावा लागेल. पायऱ्यांच्या कडेला पाय न घसरणाऱ्या पट्ट्या लागतील. खर्च माझा. नकाशा सोबत जोडलाय, मी काढलाय. मिस्त्रींनी बघितला आणि म्हणाले, "रेघा वाकड्या आहेत, पण बोलतात."

आता तुझ्याशी भांडण. तुला उपाय सांगायचा नव्हता, ठीक. पण कारण का लपवलंस? म्हणे, मी पुन्हा कशाला हात लावणार नाही. फूटपट्टे, मी काही पाळणाघरातलं पोर नाही. तू माझ्या पायाखाली मऊ फरशी घालत होतीस, आणि बघ, मी बरोबर त्याच फरशीला अडखळले. यापुढे पडले तर पडू दे. नंतर तेल लावायला ये.

वहिनी

ता. क. फाइलबाई, बादलीचं पत्र फाडू नका. त्यात तो बसलेला आहे.

*

५ मार्च

प्रति,
कंत्राटदार

महोदया,

आपला सुधारित नकाशा तपासला. सुचवलेल्या दुरुस्तीला हरकत नाही. कठड्याची उंची पायरीच्या नव्या पातळीपासून मोजली जाईल.

बांधकाम तपासनीस

ता. क. वहिनी, कार्यालयाच्या भाषेत 'हरकत नाही' याच्यापेक्षा मोठी शाबासकी नसते. तुझा नकाशा साहेबांनी उलटा धरला होता, तरी त्यांना समजला.

तू म्हणतेस ते मान्य. यापुढे सरळ सांगेन. सवय व्हायला वेळ लागेल, तुलाही आणि मलाही.

एक गोष्ट आहे, ती लिहून टाकते. ती रेघ मी बघितलेली नाही. फरशी उचलून बघायचा अधिकार मला होता. पाहणीच्या दिवशी मी तिथे गुडघे टेकून बसले होते, बोटं कडेखाली घातली होती. उचलली नाही. तुला म्हटलं, फरशी छान होती म्हणून उठावंसं वाटेना. ते काही तितकंसं खरं नव्हतं.

तू आता पुन्हा फरशी बसवशील, तेव्हा रेघ झाकली जाईल. जाऊ दे. फक्त पुसू नका.

फूटपट्टी

*

२९ मार्च

प्रिय फूटपट्टी,

या पत्राची प्रत कुठेही नाही. तुला कळलं असेलच, तरी मी सांगणार.

शेजारच्या शहराचे तपासनीस काल आले. चेहऱ्यावर इस्त्री मारलेला माणूस. आम्हा कुणाशी हसले नाहीत. पण आत शिरताना त्यांच्या मुलीचा फोन आला, तिचं कुठलंसं भांडण झालं होतं मैत्रिणीशी. ते तिला समजावत समजावत जिना चढले, वर एक चक्कर मारली, समजावत समजावत खाली उतरले. मिस्त्रींनी माझा दंड धरला होता, अजून दुखतोय. फोन ठेवला आणि ते म्हणाले, "हं, कुठाय तो जिना?" मी म्हटलं, "साहेब, आत्ता तुम्ही उतरलात तो." त्यांनी वळून पायऱ्यांकडे बघितलं. मग हसले. मग अर्थातच सगळं मोजलं, कठड्यासकट. तुमची जमात ती. सही केली.

आज आईंना घेऊन गेले. त्यांना म्हटलं, सावकाश, मी हात धरते. त्या म्हणाल्या, "हात नको धरूस, किल्ल्या धर." आणि चढल्या, गुडघ्यांना शिव्या घालत आणि मुख्य बाईंना पडदे कसे असावेत ते सांगत. पायांकडे एकदासुद्धा बघितलं नाही. वर पोचून दम खाल्ला, आणि म्हणाल्या, "चांगला केलाय. दोघांनी."

पाटी स्वच्छ पुसली. पालिकेने पुढच्या कामासाठी बोलावलंय, दवाखान्याची दुरुस्ती आहे. तिथे तरी दुसरा तपासनीस मिळू दे, मला पत्रं लिहून लिहून बोटाला घट्टा पडलाय. फाइलबाईंना सांग, पुढचं ऐकायचं असेल तर रविवारी त्यांनीही जेवायला यावं. चौथं ताट मांडते.

आणि आधी पाळणाघरापाशी ये. किल्ली माझ्याकडे आहे, मुलं सोमवारपासून येतील. जिन्याच्या पायथ्याशी, डाव्या कोपऱ्यात, फरशीचा एक तुकडा मी चिकटवलेला नाही. घट्ट बसतो, वर येत नाही, हलत नाही, पाय घासून घासून बघितलाय. नियमात बसत नसेल तर मोजून घे. पण त्याच्या कडेखाली बोट घातलंस, की तो उचलतो.

या वेळी उचल.

वहिनी